यशवंता, कावळे गोठ्यावर होते

तुझ्या दहाव्याला सकाळी मी तुझ्या अंगणात आलो आणि सवयीनं हाक मारली, "यशवंता, आवरलं का रं? किती उशीर?"

अंगणातली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. न्हावी दगडावर वस्तरा लावत होता, त्याचा हात तसाच राहिला. माझ्या बायकोनं, म्हणजे तुझ्या बहिणीनं, सगुणानं, पदर तोंडावर घेतला. रडायला की मला शिव्या द्यायला ते कळलं नाही. जन्मभर कुठंही जायचं म्हटलं की मी तुझ्या दारात हेच ओरडत आलो. लोणंदच्या बाजाराला, जत्रेला, कचेरीला. तू एकदाही वेळेवर निघाला नाहीस. यावेळी तेवढा सगळ्यांच्या आधी निघालास, आणि माझ्या जिभेला अजून त्याची खबर नव्हती. तुझी चुलती, आपली नानी, उंबऱ्यावर बसली होती. ती म्हणाली, "त्यो फुडं गेलाय, पाव्हणं. तुमी या मागनं. गडबड न्हाई."

तुझ्याविषयी लिही म्हणून मला कुणी सांगितलेलं नाही. आमच्या घरात गोष्टी सांगणारा मी. माझ्या निम्म्या गोष्टींत तू असायचास, आणि तूच समोर बसून मध्येच टोकायचास, "दाजी, ह्यात खोटं किती घातलंय?" आता टोकणारं कुणी राहिलं नाही, त्यामुळं नाइलाजानं खरं लिहावं लागतंय.

लग्नात कानपिळीला तू माझा कान पिळलास तो आठवतो? बाकीचे मेव्हणे नुसतं धरल्यासारखं करतात. तू पल्टणीत खेचरं वळवून आलेला माणूस, तू खेचराचाच धरल्यासारखा धरलास. मांडवात माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बायका म्हणाल्या, नवरदेव लय हळवा हाय. तेव्हापासून तो कान तुझ्या हातातच होता. मी काही चुकीचं बोललो की तू लांबून नुसती चिमूट दाखवायचास. परवा तुझ्या घरातनं परत येताना माझा हात आपोआप कानाकडं गेला. दुखत नव्हता. ते बरं वाटलं नाही.

तुझं गाव वरच्या अंगाला, माझं खालच्या. मध्ये एकच ओढा. तुमच्याकडं जे पाण्यात पडतं ते आमच्याकडं येतं. बायकोही तशीच आली, असं मी म्हणायचो आणि ती भाकरी थापताना परात आपटायची. उन्हाळ्यात ओढा आटला की दोन्ही गावच्या बायका वाळूत झिरा उकरायच्या. वाटीवाटीनं पाणी भरायचं, घागर भरेपर्यंत दोन्ही गावच्या बातम्या पोचायच्या. मला माझ्या घरातलं सगळं तुझ्याकडनं कळायचं, ते या झिऱ्यामुळं.

मग ही दुसरी लढाई सुरू झाली आणि तुमच्या माळावर तो गोठा आला. ठेकेदार मुंबईचा का कुठला, आपण त्याला कधी पाहिला नाही. दिल्लीकडच्या काळ्याभोर म्हशी आगगाडीनं उतरल्या, पत्र्याच्या लांबच लांब छपराखाली बांधल्या गेल्या, आणि दूध रोज कॅनांतनं लोणंदच्या स्टेशनावर आणि तिथनं पुण्याच्या छावणीला जायला लागलं. आपण बघायला गेलो होतो. तू एका म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलास आणि म्हणालास, "दाजी, ह्या जनावराम्होरं आपल्या म्हशी म्हंजी शेरडं." त्या दिवशी आपल्याला म्हशी दिसल्या. त्यांच्या मागचं काही दिसलं नाही.

दिसलं तेही आधी सोनंच वाटलं. आयाबाया पाट्या घेऊन गेल्या. फुकटचं शेण, न्या म्हणाले. पहिल्या उन्हाळ्यात तुमच्या गावात गोवऱ्यांचे एवढे हुडवे उभे राहिले की घरं शोधावी लागत. पण बायकांना हात दोनच. शेण काही थांबेना. मग मॅनेजरनं इंजिन बसवलं, नळीनं गोठा धुवायला लागला, आणि शेण, मूत, धुणवण सगळं एका चरातनं ओढ्यात सोडलं.

आणि आपण काय केलं? ओढ्याला बांध घालून पाट काढला, आणि तो सगळा शेणकाला आपल्या उसात घेतला. पाट काढायला सगळ्यात पुढं तू. "शेण हाय ते, दाजी. शेण कवा कुणाला बाधलंय व्हय?" दोन्ही गावच्या लोकांनी माना डोलावल्या. शेणखताच्या एका गाडीसाठी सख्खे भाऊ वैरी झालेले आपण बघितलेत. तेच खत दारात वाहत आल्यावर नको म्हणणारा माणूस आपल्या मुलखात जन्मायचा होता.

ऊस काय आला. हिरवाकाळा, माणसाच्या दुप्पट. मी तर फडात हरवलो होतो, तू हाका मारून मला बाहेर काढलंस. मग एका वाऱ्यात तो सगळा आडवा झाला. तरी आपण हसत गुऱ्हाळ लावलं. काहिलीत रस कढतोय, कढतोय, गुळव्या फावडी फिरवतोय, आणि गूळ काही बसेना. ढेप सोडवली की ती म्हाताऱ्या बाईसारखी हळूहळू बसकण मारायची. चव बघितली तर खारट. गुळव्या हात धुऊन म्हणाला, "ह्याला गूळ म्हनू नगा. लेप म्हना. कुनाचं हाड मोडलं तर लावा." तू एकटा हसत होतास. हसता हसता म्हणालास, "रानाला हगवण लागली, दाजी. आपणच चारलं."

तुझं हेच मला आवडायचं. स्वतःच्या चुकीला तू पाव्हण्यासारखं बसवून घ्यायचास, तंबाखू द्यायचास, आणि मग तिच्याशी बोलायचास.

पुढच्या उन्हाळ्यात ओढा आटला तेव्हा कळलं की गेला तो नुसता गूळ नव्हता. वाळूवर शेणाची साय धरली होती. सगुणा झिरा उकरायला बसली, कोपरापर्यंत हात घातला, आणि वर आलं ते पाणी चहासारखं. वास तर असा की तिनं घागर तिथंच पालथी घातली. बेडकं नाहीत, मासे नाहीत. दोन्ही गावच्या बायका डोक्यावर घागरी घेऊन टेकाडापलीकडच्या विहिरीला जायला लागल्या. आपल्या बातम्याही बंद झाल्या. यशवंता, तुला हसायला येईल, पण गावाचं पाणी गेलं म्हणजे काय, ते मला माझ्या घरातलं काही कळेनासं झालं तेव्हा समजलं.

अर्ज लिहायचा ठरला. सातवी फायनल झालेला मी, म्हणून लिहिणार मी. मी लिहिलं, 'गोठ्यातील शेणाच्या घाणीमुळे'. तू हात धरलास. "शेणाला घाण म्हनू नगा. घरातनं लक्ष्मी उठून जाईल."

"मग काय लिहू? गोठ्यातील लक्ष्मीमुळे पाणी नासले?"

"ते तुमी शिकल्यालं माणूस बघा. पर शेणाला घाण म्हनायचं न्हाई."

तिथनं सुरू झालेलं भांडण पुढं लोणंदच्या रस्त्यावर, बैलगाडीत, चहाच्या दुकानात, सगुणाच्या ताटावर चालू राहिलं. शेवटी मी 'घाण' हा शब्द तसाच ठेवला आणि अर्ज कचेरीत दिला. साहेबानं वाचला आणि हसून कारकुनाला ऐकवला. "शेणानं घर सारवता, शेणाच्या गोवरीवर भाकरी भाजता, आणि शेणाची तक्रार करता?" कारकून हसला. मीही थोडा हसलो, कारण साहेब हसला की माझं तोंड आपोआप हसतं. तू तेवढा हसला नाहीस. म्हणालास, "साहेब, घर सारवाय बाई लागती. तिनं हात घातला म्हंजी त्ये शेण. ज्याला हात लावाय कुनी न्हाई, वाट घावंल तिकडं पळतंय, ती घाण."

साहेबाचं हसू गेलं. पण अर्ज बाजूला ठेवून तो म्हणाला, लढाई संपू दे, मग बघू.

गोठ्याच्या मॅनेजरचंही तेच. तुझा पोरगा ब्रह्मदेशाच्या बाजूला पल्टणीत आहे हे त्यानं कुठूनतरी काढलं होतं. गोड बोलून म्हणाला, "अहो, हे दूध तुमच्याच मुलाला जातंय. जखमी शिपायांना जातंय. तुम्ही शिपायाचे वडील, तुम्ही असं करायचं?" मला वाटलं, झालं, आता तू गप्प बसणार. मी तर गप्प बसलोच होतो. तू म्हणालास, "माझ्या पोराला दूध द्या. नगं कोन म्हनतंय. पर त्याच्या आयला पानी द्या."

परत येताना मी म्हणालो, हात लावायला माणसं वाढवली की झालं का मग तुझं? तू म्हणालास, व्हय. मी म्हणालो, न्हाई. का नाही, ते मला सांगता आलं नाही, म्हणून तू चिमूट दाखवलीस.

आता सांगता येतंय. तुझं अर्धंच बरोबर होतं, यशवंता. त्या गोठ्याला गावातले सगळे हात लावले तरी भागणार नाही, कारण शेण कुठंतरी टाकावं लागतंच आणि रानाला पोट असतं. आपल्या उसानं आपल्याला तेच सांगितलं होतं. चार म्हशींचं शेण रान खातं. चार गावांच्या म्हशी एका माळावर बांधल्या की त्यांचं शेण जायला पृथ्वी पुरत नाही. म्हणजे घाण मोजायची ती हातानं नाही, रानानं. तुझ्याशी एक भांडण जिंकायची वेळ आली, आणि समोर कुणी नाही. तुझ्या जागी दुसरं कुणी असतं तर मी याला पळपुटेपणा म्हटलं असतं.

तुझं बांधाचं मला आधी माहीत नव्हतं. तू एकट्यानंच टिकाव घेऊन गेलास आणि गोठ्याच्या कुंपणाबाहेर, चर ओढ्याला मिळतो तिथं, दगडमातीचा बांध घालायला लागलास. पाणी मागं वळलं की गोठ्यातच तुंबेल, मग बघतील, असा तुझा हिशेब. शेणाच्या चिखलात पाय घसरला आणि टिकाव पायावर. जखम काही मोठी नव्हती. मी आलो तेव्हा तू हळद दाबून, फडकं बांधून ओट्यावर बसला होतास आणि म्हणालास, "बसऱ्याच्या लढाईत गोळ्या चुकीवल्या आन हितं सोताच्या टिकावाला सापडलो. तुमच्या गोष्टीत घाला." मी घातलंही. त्याच दिवशी घरी जाऊन पोरांना हसवलं.

मग तुझा जबडा धरला. लोणंदचा डॉक्टर म्हणाला, धनुर्वात. शेणामातीतल्या जखमेनं होतो म्हणाला, आता उशीर झालाय म्हणाला. आयुष्यभर बोलणाऱ्या माणसाचं तोंड कुलूप लावल्यासारखं मिटलं. तुझ्या उशाशी बसून मी एकेक विचारत होतो. पाणी पाहिजे? पोराला काय कळवू? सगुणाला बोलावू? बांधाचं काय? प्रत्येक प्रश्नाला तू डोळ्यांनी मला शिव्या देत होतास. एवढंच कळलं की मी चुकीचं विचारतोय. बरोबर काय होतं ते मला अजून सापडलेलं नाही. रोज एक नवीन सुचतं आणि तुझे ते डोळे आठवून मी ते खोडतो.

मॅनेजरच्या माणसांनी तुझा अर्धा बांध तू आजारी असतानाच फोडला होता.

तर दहाव्याला ओढ्यावर गेलो. भटजी म्हणाले, सगळ्यांनी स्नान करा. सगळ्यांनी पाण्याकडं बघितलं. काळं पाणी, वर पिवळा फेस. तुझा चुलतभाऊ शंकर पिंड देणार होता, तो बिचारा एक पाय घालून उभा राहिला. शेवटी भटजीच म्हणाले, पाच थेंब शिंपडले तरी चालतं, आणि स्वतःवर तेही शिंपडले नाहीत.

पिंड मांडला. सगळे बाजूला सरून बसलो. कावळा येईना. आकाश रिकामं. मग नेहमीचं सुरू झालं. शंकर हात जोडून म्हणाला, "दादा, पोरगं परत येस्तोवर तुजं रान मी बघतो." कावळा नाही. कुणी म्हणालं, वहिनीला काही कमी पडू देणार नाही. कावळा नाही. मला वाटलं, माझ्यात अडकलाय. मी उभा राहून मोठ्यांदा म्हणालो, "यशवंता, मी तंबाखू सोडतो." सगुणा मागनं म्हणाली, "ते त्याला खरं वाटायचं न्हाई. दुसरं काय तरी सांगा."

ऊन चढलं. बायका कुजबुजायला लागल्या, जीव कशात अडकला असंल. तेव्हा नानी काठी टेकत उठली. "कशात अडकत न्हाई आन काय न्हाई. कावळं हैत कुठं हितं? ती बघा समदी."

आम्ही बघितलं. माळावर गोठ्याच्या उकिरड्यावर काळं आभाळ फिरत होतं. तिथं मेलेली रेडकं टाकतात, शेणात अर्धवट दाणे पडतात. पंचक्रोशीतला एकही कावळा उपाशी नव्हता. तुझ्या भाताच्या गोळ्यासाठी कोण येणार?

सगुणा उठली. पत्रावळीसकट पिंड उचलला आणि चालायला लागली.

भटजी म्हणाले, "बाई, पिंड असा हलवायचा नसतो."

नानी म्हणाली, "भटजीबाबा, जेवनारा तिथं बसलाय. वाढनाऱ्यानं हितं बसून काय करायचं? चला, धोतर वर धरा."

आणि यशवंता, सगळे उठले. ताजी भादरलेली डोकी, खांद्यावरचे पंचे, बायका, भटजी, शेवटी मी. ओढ्यातनं वर, काट्याकुट्यातनं, तुझ्या फुटक्या बांधावरनं गोठ्याच्या फाटकापाशी. उकिरडा फाटकाच्या शेजारीच. सगुणानं पत्रावळ त्यावर ठेवली आणि मागं सरायच्या आत कावळे तुटून पडले. असा झटकन शिवलेला पिंड मी जन्मात बघितला नाही. पत्रावळही शिल्लक राहिली नाही.

दुधाची गाडी स्टेशनाला निघायची होती आणि आमचा घोळका वाटेत. मॅनेजर बाहेर आला. "काय आहे हे? कुणाचं काय?"

"दहावा हाय," शंकर म्हणाला.

"मग नदीवर करा ना."

"नदी तुमच्यात आलीया," सगुणा म्हणाली. "म्हून आमी हितं आलो."

तो म्हणाला, "बाई, दुःख समजतो मी. पण कावळा शिवला ना? झालं ना तुमचं?"

"कावळ्याचं झालं," ती म्हणाली. "माजं न्हाई झाल्यालं." आणि ती तुझ्या बांधाकडं वळली. पदर खोचला, आणि निसटलेला एक दगड उचलून जागेवर ठेवला. मग दुसरा. शंकर गेला. न्हावी गेला. भटजींनी आधी इकडंतिकडं बघितलं आणि मग एक लहानसा दगड, दगड कसला, खडाच, पण ठेवला. मी माती ओढत होतो. शेणाचा चिखल होता, सगळ्यांच्या पायांत काही ना काही खरचटलेलं होतं, आणि तुझं काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. तरी कुणी बाजूला झालं नाही. शेवटी मॅनेजरनं गाडी आमच्या कडेनं काढून दिली आणि तो आत गेला. बांध पुरा झाला, पाणी थांबलं, आणि हळूहळू मागं फिरलं.

आज हे लिहितोय तोवर बांध उभा आहे. शेणकाला गोठ्यात तुंबून मॅनेजरच्या कचेरीच्या पायरीला लागलाय म्हणतात. तो आता गाड्या लावून शेण कुठंतरी नेतोय. कुठं ते अजून कळलेलं नाही, म्हणजे भांडण संपलेलं नाही. झिरा अजून घाणच आहे. वाळूला तिची साय सोडायला किती पावसाळे लागतील कुणास ठाऊक.

काल पोलीस पाटील चौकशीला आला. सरकारी दुधाच्या कामात अडथळा, बांध कुणी घातला, विचारत होता. मला माझ्या मते फार मोठी अक्कल सुचली. मी म्हणालो, "यशवंतानं घातला. लिहा. बोलवा त्याला कुठं बोलवायचंय तिथं." पाटलानं कपाळावर हात मारला आणि तसंच लिहून घेऊन गेला. मी खूश. वाटलं, तू असतास तर चिमूट मिटून घेतली असतीस.

आत आलो. सगुणा दारामागं उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मेलेल्या माणसाचा बांध फोडाय कितीसा येळ लागतोय? उद्या पाटलाकडं जावा, आन माजं नाव सांगून या."